डोंगळ्यातला करपा आणि तण: कांदा बीजोत्पादकाने आपल्याच वावरात चाचणी कशी घ्यावी

फेब्रुवारीत दोन दिवस आभाळ भरून येतं, पहाटे धुकं उतरतं आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी डोंगळ्याच्या, म्हणजे बियाण्यासाठी लावलेल्या कांद्याच्या, दांड्यावर मधोमध एक फिकट चट्टा दिसतो. तो लांबत जातो, तपकिरी होतो आणि गोंड्यात, म्हणजे दांड्याच्या टोकावरच्या फुलांच्या गुच्छात, दाणा भरायच्या ऐन वेळी दांडा तिथूनच वाकतो. वाकलेल्या दांड्याचा गोंडा वाळतो, पण त्यातलं बी पोचट राहतं. मग गावात विचारणा सुरू होते, ‘तू काय मारलंस?’ दुकानदार एक औषध सांगतो, शेजारी दुसरं, कंपनीचा माणूस तिसरं. तिन्ही एकाच पंपात जातात. हंगाम संपल्यावर यातलं नेमकं कशानं काम केलं हे कुणालाच सांगता येत नाही, कारण न फवारलेला एकही दांडा वावरात उरलेला नसतो.

हा लेख देऊळगाव राजा, जालना, सिन्नर, येवला अशा भागांत डोंगळे लावणाऱ्यांसाठी आहे. रोग आणि तण यांवरची संशोधनाची पद्धत आपल्या तीन-चार गुंठ्यांत कशी उतरवायची, ते पायरीपायरीनं सांगतो. त्याला प्रयोगशाळा लागत नाही. वही, रंगीत लोकर, तारेची चौकट, ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा आणि इंजेक्शनची एक सिरिंज एवढं पुरतं.

डोंगळ्याचं गणित कांद्यापेक्षा वेगळं

बाजाराच्या कांद्यात पातीवर करपा आला तर कांदा थोडा लहान राहतो, पण हाती काहीतरी येतंच. डोंगळ्यात एका दांड्यावर एकच गोंडा असतो. दांड्यावर एक चट्टा गोल फिरला की तो अख्खा गोंडा गेला. त्यामुळे ‘पात किती हिरवी राहिली’ हा निकष इथे फसवतो. गोंड्यात वजनदार दाणा किती भरला आणि त्यातला किती उगवला, एवढंच विचारायचं.

तणाचंही तसंच. बाजाराच्या कांद्यात तण राहिलं तर उत्पादन घटतं. बियाण्यात तणाचं बी शिरलं तर पूर्ण लॉट अडकतो. प्रमाणित कांदा बियाण्यात एका किलोमागे तणाचे जास्तीत जास्त १० दाणे चालतात, पायाभूत बियाण्यात, म्हणजे ज्यापासून प्रमाणित बियाणं तयार करतात त्यात, फक्त ५. कांद्याच्या हजार दाण्यांचं वजन साडेतीन-चार ग्रॅम भरतं, म्हणजे एका किलोत अडीच-पावणेतीन लाख दाणे. त्यातले दहा! शुद्धता ९८ टक्के, उगवण किमान ७० टक्के, ओलावा ८ टक्क्यांच्या आत आणि हवाबंद पाकिटात भरायचं असेल तर ६ टक्के, हे बाकीचे आकडे पुष्कळांना पाठ असतात. तणाच्या दहा दाण्यांचा आकडा मात्र लॉट परत आल्यावर कळतो.

पायरी पहिली: गोट आणि जमीन

अर्धा रोग आपण स्वतःच गोटांतून, म्हणजे बियाण्यासाठी लावायच्या कांद्यांतून, वावरात नेतो. चाळीत मे ते ऑक्टोबर टिकलेल्या कांद्यातूनच गोट निवडा. ६० ते ८० ग्रॅमचा, पातळ मानेचा, एका डोळ्याचा. लावताना वरचा पाव ते एक तृतीयांश भाग कापतात, तो नुसता लवकर फुटावा म्हणून नव्हे. कापल्यावर आतले डोळे दिसतात आणि काळी बुरशी किंवा मानेची सड असेल तर तीही दिसते. कापणाऱ्या बायांना हे नीट समजावून सांगा: काप तपकिरी किंवा पाणचट दिसला की गोट बाजूला, आणि चाकू मधूनमधून निर्जंतुक द्रावणात बुडवायचा. माझ्या अनुभवात मजुरीतला हा थोडा जास्तीचा वेळ नंतरच्या दोन फवारण्यांच्या तोडीचा आहे. कापलेले गोट कार्बेन्डाझिमच्या द्रावणात, लिटरला १ ग्रॅम, बुडवून सावलीत निथळू द्या. बुड कुजलेला गोट मात्र कितीही बुडवला तरी बरा होत नाही, तो फेकूनच द्यावा लागतो.

जमीन अशी हवी की मागची दोन-तीन वर्षं तिथे कांदा-लसूण नव्हता. विलगीकरणाचं, म्हणजे दुसऱ्या वाणाच्या डोंगळ्यापासूनचं, अंतर प्रमाणित बियाण्याला ५०० मीटर, पायाभूताला १००० मीटर. ते वाणाच्या शुद्धतेसाठी ठेवतात, पण शेजारच्या करपलेल्या कांद्यापासून लांब राहण्याचा फायदाही त्यातच मिळतो.

इथे एक गोष्ट सहसा कुणी बोलत नाही. आपल्याकडे खरिपात सोयाबीन आणि त्याच रानात ऑक्टोबर-नोव्हेंबरात गोट, हा क्रम सर्रास आहे. सोयाबीनमध्ये मारलेल्या इमॅझेथापायरसारख्या तणनाशकाचा अंश जमिनीत रेंगाळू शकतो आणि कांदा त्याला नाजूक आहे. पीक पिवळं, खुजं दिसतं आणि आपण त्याला रोग समजून बुरशीनाशक मारत बसतो. शंका असेल तर लागवडीच्या तीन आठवडे आधी त्या रानातली माती एका कुंडीत भरा, दुसऱ्या कुंडीत जिथे ते तणनाशक कधीच मारलं नाही अशी बांधावरची माती घ्या आणि दोन्हींत थोडी मोहरी आणि कांद्याचं उळं (बी) पेरा. पंधरा-वीस दिवसांत दोन्ही रोपं शेजारी ठेवून बघा. फरक असेल तर डोळ्यांना दिसतोच.

पायरी दुसरी: दांड्यावरचा डाग ओळखा

औषध निवडण्याआधी डागाचं नाव ठरवायचं. दांड्यावर मुख्यतः चार तऱ्हा दिसतात.

जांभळ्या करप्याचा डाग आधी लहान, पांढुरका, किंचित खोलगट असतो. वाढला की मध्यभाग जांभळट होतो आणि त्यात एकात एक वलयं दिसतात. २५ अंशांच्या आसपास उष्णता आणि ८० टक्क्यांवर आर्द्रता असली की तो झपाट्यानं वाढतो.

तपकिरी करपा फिकट पिवळ्या ठिपक्यांनी सुरू होतो. ते ठिपके दांड्याच्या एका बाजूनं लांबट होत एकमेकांत मिसळतात आणि पट्टा तपकिरी होतो. याला थोडी थंड हवा आणि लांबलेलं दव मानवतं, म्हणून रब्बीच्या डोंगळ्यात याचाच धुमाकूळ जास्त. बहुतेक ठिकाणी हे दोन्ही करपे एकाच दांड्यावर सापडतात, तेव्हा नावावरून फार वाद घालू नका.

काळा करपा हा मुख्यतः पावसाळी कांद्याचा रोग. पात पिळवटते, मान लांबते, डागावर काळे बारीक ठिपके वर्तुळात दिसतात. डोंगळ्यात तो अवकाळी पावसानंतर डोकं काढतो.

चौथा डाग बुरशीचा नाहीच. गवती रंगाचा, दोन्हीकडे निमुळता, शंकरपाळ्याच्या आकाराचा, कधी मध्ये हिरवं बेट राहिलेला. हा पिवळ्या डागाचा विषाणू आहे आणि तो फुलकिडे पसरवतात. भारतात त्याची पहिली नोंद २००२-०३ च्या हंगामात जालना-नाशिक भागातल्या कांद्यावरूनच झाली आणि २००६ साली ती प्रसिद्ध झाली, म्हणजे हा प्रश्न आपल्या दारातलाच आहे. त्याच्यावर बुरशीनाशक मारून काडीचा उपयोग नाही. तो बियाण्यातून जात नाही ही त्यातल्या त्यात दिलाशाची बाब. उपाय फुलकिड्यांवर करायचा, आणि तोही फुलोऱ्याच्या आधी.

डाग ओळखता येत नसेल तर नमुना कृषी विज्ञान केंद्रात, राहुरीच्या विद्यापीठात किंवा राजगुरुनगरच्या कांदा व लसूण संशोधन संचालनालयात दाखवा. पूर्ण वाळलेला दांडा नेऊ नका, त्यावर नंतर आलेल्या भलत्याच बुरश्या वाढलेल्या असतात. अर्धा निरोगी, अर्धा रोगट असा ताजा तुकडा कागदात गुंडाळून न्या. प्लास्टिकच्या पिशवीत तो घाम धरतो आणि पोहोचेपर्यंत सडतो.

पायरी तिसरी: चाचणी मांडा

या पायरीला घाई करू नका. इथे चूक झाली तर पुढची सगळी मोजणी वाया जाते.

आधी प्रश्न एकच ठरवा. ‘कोणतं औषध चांगलं?’ हा प्रश्न फार मोठा आहे. ‘दर बारा दिवसांनी फवारणं आणि हवामान पाहून फवारणं यांत बियाण्याचा फरक पडतो का?’ हा प्रश्न तीन गुंठ्यांत सुटतो. समजा तोच घेतला. मग चार उपचार असे होतील:

पहिला, अजिबात न फवारलेला.
दुसरा, तुम्ही दरवर्षी करता तसाच.
तिसरा, दर बारा दिवसांनी एक फवारणी.
चौथा, सलग दोन दिवस आभाळ राहिलं किंवा सकाळी नऊनंतरही पातीवर दव टिकलं तरच फवारणी.

तिसऱ्या आणि चौथ्यात औषधं तीच, त्याच क्रमानं आणि त्याच मात्रेत. फक्त वेळ वेगळी. दोन गोष्टी एकदम बदलल्या की कशामुळे काय झालं ते कधीच कळणार नाही.

आता वाफे. ६० सेंमी अंतराच्या चार ओळी आणि साडेआठ मीटर लांबी घेतली की साधारण २० चौरस मीटरचा एक वाफा होतो. चार उपचार, प्रत्येकाचे चार वाफे, एकूण सोळा. सगळे मिळून सव्वातीन गुंठे. त्यातले न फवारलेले चार वाफे म्हणजे ८० चौरस मीटर, एकराच्या शंभरातले दोन भाग. ‘न फवारता ठेवायला जीव होत नाही’ असं म्हणणाऱ्यांना मी हाच हिशेब सांगतो. दोन टक्के रान पणाला लावून अठ्ठ्याण्णव टक्क्यांवरचा औषधाचा खर्च खरा की फुकट ते कळतं.

सोळा वाफे चार गटांत वाटा. गट पाण्याच्या उताराप्रमाणे पाडा: वरच्या अंगाचा एक, त्याखाली दुसरा, असे खालपर्यंत. रानाचा खालचा कोपरा नेहमी ओलसर राहतो आणि तिथे करपा आधी येतो. प्रत्येक गटात चारही उपचार असले की त्या ओलीचा त्रास सगळ्यांना सारखाच होतो. गटात कोणता उपचार कुठे, ते मनानं ठरवायचं नाही. चार चिठ्ठ्या करून घरातल्या पोराला उचलायला सांगा, आणि प्रत्येक गटासाठी पुन्हा नव्यानं.

पहिल्या वर्षी मी चिठ्ठ्या टाकल्या नव्हत्या. न फवारलेला एकच पट्टा ठेवला, आणि तो ठेवला विहिरीजवळच्या लिंबाच्या सावलीत, कारण तिथलं पीक तसंही कमी येतं. तिथे दव अकरापर्यंत वाळत नसे. अर्थातच तो पट्टा करपून गेला आणि मी औषधाची वाहवा केली. पुढच्या वर्षी वाफे नीट मांडले तेव्हा फरक होता, पण मी सांगत सुटलो होतो त्याच्या निम्माही नव्हता.

प्रत्येक वाफ्याच्या दोन्ही कडांच्या ओळी सोडून द्यायच्या. मोजणी फक्त मधल्या दोन ओळींत, कारण शेजारच्या वाफ्याच्या फवारणीचे शिंतोडे कडेच्या ओळींवर येतात. फवारताना दोन माणसांनी गोणपाटाचा पडदा धरला तर उत्तम. वारा असेल त्या दिवशी फवारणी नकोच. खुंटीला पत्र्याची पट्टी लावा आणि त्यावर ऑइल पेंटनं क्रमांक लिहा. मार्करचं लिखाण दोन आठवड्यांत उन्हानं उडतं.

पायरी चौथी: मोजा

प्रत्येक वाफ्यात मधल्या ओळींतले दहा दांडे आधीच ठरवून त्यांना रंगीत लोकर सैल बांधा. रोग येण्यापूर्वी बांधा, म्हणजे रोगट किंवा निरोगी दांडे निवडण्याचा मोह होणार नाही. मग दर आठवड्याला, ठरल्या वारी, त्याच दहा दांड्यांना गुण द्या:

० म्हणजे डाग नाही. १ म्हणजे दहा टक्क्यांपर्यंत भाग डागाळलेला. २ म्हणजे वीसपर्यंत. ३ म्हणजे चाळीसपर्यंत. ४ म्हणजे पंचाहत्तरपर्यंत किंवा मधून मोडायला आलेला. ५ म्हणजे पूर्ण वाळलेला वा मोडलेला.

कांद्यावरच्या करप्याचं काम करणारे संशोधकही अशाच ० ते ५ च्या पट्टीनं मोजतात. सगळ्या गुणांची बेरीज करा, तिला शंभरानं गुणा आणि दांड्यांची संख्या गुणिले पाच यानं भागा. समजा दहा दांड्यांचे गुण ०, १, १, २, २, ३, १, ०, ४, १ आले. बेरीज १५. पंधराशे भागिले पन्नास, म्हणजे रोगाची तीव्रता ३० टक्के. एवढंच.

गुण एकाच माणसानं द्यावेत. दोन माणसांच्या डोळ्यांत एका गुणाचा फरक सहज पडतो. शक्य असेल तर गुण देणाऱ्याला कोणत्या वाफ्यात काय मारलंय ते माहीत नसावं. माझ्याकडे हे काम बहीण करते, आणि उपचारांचा कागद मी घरी ठेवतो.

वहीत रोज दोन ओळी: आभाळ होतं का, दव किती वाजेपर्यंत टिकलं. महिनाभरानं गुणांचा चढ आणि दवाच्या नोंदी शेजारी ठेवल्या की कोणत्या चार-पाच दिवसांनी रोग पेटवला ते दिसतं. त्या नोंदी पुढच्या वर्षीच्या फवारणीचं वेळापत्रक देतात.

फवारणीबद्दल चार कडक गोष्टी

करप्यासाठी राजगुरुनगरच्या शिफारशींत मॅन्कोझेब लिटरला अडीच ग्रॅम आणि ट्रायसायक्लॅझोल, हेक्झाकोनॅझोल, प्रोपिकोनॅझोल लिटरला एक ग्रॅम किंवा मिली या मात्रा आढळतात. आपल्या हातातल्या डब्याच्या लेबलवर कांदा आहे का आणि मात्रा काय लिहिली आहे, ते दरवर्षी नव्यानं वाचा, कारण मंजुरीच्या याद्या बदलत असतात.

औषध बदलणं म्हणजे डबा बदलणं नव्हे. हेक्झाकोनॅझोल, प्रोपिकोनॅझोल, टेब्युकोनॅझोल, डायफेनोकोनॅझोल ही सगळी एकाच घराण्यातली. आज हे, पंधरा दिवसांनी ते, असं केलं तरी बुरशीच्या दृष्टीनं तेच औषध पुन्हा पडतं, आणि जी बुरशी तग धरते तिचीच वाढ होते. त्या घराण्याच्या एका फवारणीनंतर मॅन्कोझेबसारखं वेगळ्या तऱ्हेनं काम करणारं औषध घ्या.

कांद्याची पात मेणचट असते, थेंब घरंगळतात. स्टिकर, म्हणजे औषध पातीला चिकटवणारं द्रव्य, लागतंच, लिटरला अर्धा ते एक मिली. चाचणीत सगळ्या वाफ्यांना सारखं.

चौथी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. कांद्याच्या फुलात परागकण आधी सुटतो आणि स्त्रीकेसर मागाहून तयार होतो. त्यामुळे त्याच फुलाचा पराग त्या फुलाला कामी येत नाही, आणि एका फुलाचा पराग दुसऱ्याकडे नेणारी मुख्य म्हणजे मधमाशी. गोंडे उमलू लागल्यावर कीटकनाशक मारलं तर करपा नसतानाही दाणा भरणार नाही. फुलकिड्यांचा बंदोबस्त दांडे निघेपर्यंत पुरा करा. फुलोऱ्यात बुरशीनाशक अगदीच द्यावं लागलं तर सूर्य मावळताना, माश्या पोळ्याकडे परतल्यावर, आणि त्यात दुसरं काहीही न मिसळता. शेजाऱ्यालाही हे सांगून ठेवा. माशी बांध ओळखत नाही.

पाण्याचंही इथेच सांगतो. डोंगळ्याला तुषार सिंचन नको. तुषारानं पात आणि दांडा भिजतो आणि धुक्याचं काम आपणच करतो. ठिबक असेल तर दांडे कोरडे राहतात आणि ओळींमधलं तणही निम्मं उगवतं.

पायरी पाचवी: तण, तेही दांडे निघायच्या आत

कांद्याची पात उभी, जमिनीवर सावली पडत नाही आणि डोंगळ्यात ओळींचं अंतर मोठं. तणाला यापेक्षा मोकळं रान कुठे मिळणार? त्यात दांडे गुडघ्याएवढे झाले की खुरपायला बाई आत शिरली तरी दांडे मोडतात. म्हणून तणाचा सगळा खेळ लागवडीपासून पहिल्या ४५ ते ६० दिवसांत संपवायचा.

सुरुवात लागवडीच्या आधीच होते. रान तयार करून एक ओलवणी द्या, दोन-तीन आठवडे थांबा, तण हिरवं होऊ द्या आणि मग वखराची उथळ पाळी घाला. खोल पाळी घातली तर खालचं नवं बी वर येतं. हा उपाय फुकटात आहे आणि याचा फायदा मोजून बघण्यासारखा आहे. लव्हाळा आणि हराळी असलेल्या रानात मात्र हे पुरत नाही. लव्हाळ्याच्या गाठी उन्हाळ्यात नांगरून तापवाव्या लागतात, आणि उगवणीपूर्वीची तणनाशकंही त्यांच्यापुढे हात टेकतात. लव्हाळ्यानं भरलेलं रान डोंगळ्याला निवडूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

तणनाशकांत कांद्यासाठी मुख्यतः पेंडीमेथॅलीन आणि ऑक्सिफ्लोरफेन ही दोन उगवणीपूर्वी वापरतात, आणि सोबत ४० ते ६० दिवसांनी एक हाताची खुरपणी. गवतवर्गीय तण नंतर आलं तर क्विझॅलोफॉप किंवा प्रोपॅक्विझॅफॉप. ही दोन रुंद पानाच्या तणावर चालत नाहीत. ऑक्सिफ्लोरफेन लागवडीनंतर दोन-तीन दिवसांत, कोंब वर यायच्या आत, ओल्या जमिनीवर मारायचं. कोंबांवर पडलं तर पातीवर पांढरे, कागदासारखे चट्टे येतात आणि पात वाकडी होते. ते पाहून करपा समजू नका. करप्याचा डाग आठवड्यात वाढतो, औषधाचा चट्टा आहे तेवढाच राहतो आणि नवी पात स्वच्छ येते.

तणाच्या चाचणीचे उपचार असे घ्या: पेंडीमेथॅलीन आणि एक खुरपणी, ऑक्सिफ्लोरफेन आणि एक खुरपणी, नुसत्या दोन खुरपण्या, आणि ४५ दिवसांपर्यंत काहीच नाही. शेवटचा वाफा ४५ दिवसांनी स्वच्छ करून टाका, त्यातलं तण बी धरेपर्यंत ठेवायचं नाही. मांडणी वरच्यासारखीच, चार गट आणि चिठ्ठ्या.

मात्रेची चूक छोट्या वाफ्यात फार महागात पडते. एकर म्हणजे साधारण ४००० चौरस मीटर आणि वाफा २० चौरस मीटरचा, म्हणजे एकराचा दोनशेवा भाग. ऑक्सिफ्लोरफेन २३.५ टक्क्यांची मात्रा एकरी १७० ते ३४० मिली धरली तर एका वाफ्याला ०.८५ ते १.७ मिली. हे झाकणानं मोजता येत नाही. सुई काढलेली सिरिंज वापरा, हातमोजे घाला आणि नंतर ती सिरिंज मोडून टाका. एकरी २०० लिटर पाणी धरलं तर वाफ्याला एक लिटर. आधी साधं पाणी भरून त्याच चालीनं वाफ्यावर चालून बघा की लिटरभर पाणी बरोबर कडेपर्यंत पुरतं का. नोझल चपट्या फवाऱ्याचं हवं, आणि मागे सरकत फवारा म्हणजे फवारलेली माती पायानं तुडवली जात नाही. उसात किंवा बांधावर टू-फोर-डी हे तणनाशक मारलेला पंप डोंगळ्याच्या रानात आणूच नका. कितीही धुतला तरी नको.

मोजणीसाठी तारेची ५० बाय ५० सेंमीची चौकट करा. ३० आणि ४५ व्या दिवशी, प्रत्येक वाफ्यात दोन ठिकाणी ती ठेवून आतलं तण मोजा. गवत, रुंद पानाचं आणि लव्हाळा असे तीन वेगळे आकडे लिहा. ४५ व्या दिवशी ते तण उपटून, उन्हात कडकडीत वाळवून वजन करा. काहीच न केलेल्या वाफ्यात १२० ग्रॅम आणि तणनाशकाच्या वाफ्यात ३० ग्रॅम भरलं, तर ९० भागिले १२०, म्हणजे ७५ टक्के नियंत्रण. खुरपणीला किती बाया आणि किती तास लागले तेही त्याच पानावर लिहा. शेवटी निर्णय त्या दोन आकड्यांवरून होतो.

आता बियाण्यात कोणतं तण शिरतं ते पाहू. घोळीचं बी अगदी बारीक, चाळणीतून गळून जातं. माठ आणि चाकवताचं काळं चकचकीत बीही कांद्याच्या दाण्यापेक्षा लहान, तेही चाळता येतं. घात करते ती चांदवेल. पांढऱ्या-गुलाबी कर्ण्यासारख्या फुलांची ही वेल डोंगळ्याच्या दांड्याला विळखा घालून वर चढते, गोंड्यासोबतच कापली जाते, आणि तिचं बी तीन-चार मिलिमीटरचं, काळपट, कोनदार, म्हणजे जवळजवळ कांद्याच्या दाण्यासारखंच असतं. चाळणीत ते थांबतं. कांद्याच्या दाण्याहून जड असल्यामुळे उफणताना चांगल्या दाण्यासोबतच पडतं, आणि पाण्यात टाकलं तर भरलेल्या दाण्यासारखंच तळाला बसतं. तिला वावरातच संपवावं लागतं. फुलोऱ्यात आठवड्यातून एकदा ओळींच्या कडेनं फिरा आणि वेल दिसली की दांड्याला धक्का न लावता बुडाशी कापा. काढणीच्या आदल्या दिवशी पुन्हा एक फेरी.

पायरी सहावी: गोंडे वेगळे कापा, वेगळे तोला

गोंड्यातल्या वीस-पंचवीस टक्के बोंड्या फुटून काळं बी दिसलं की तो काढणीला आला. सकाळी दवात कापा, म्हणजे बी सांडत नाही. सगळे गोंडे एकदम येत नाहीत, तीन-चार तोडे होतात. चाचणीच्या प्रत्येक वाफ्यासाठी कापडी पिशवी आणि आत-बाहेर दोन्हीकडे चिठ्ठी. बाहेरची चिठ्ठी हरवतेच. मोडलेल्या दांड्यांचे गोंडे वेगळ्या पिशवीत घाला. चाचणीबाहेरच्या रानातही हेच करा, कारण ते पोचट बी चांगल्या ढिगात मिसळलं की पूर्ण लॉटची उगवण खाली ओढतं.

वाळवून, मळून, उफणून झालं की प्रत्येक वाफ्याच्या तीन गोष्टी मोजा: एकूण बी किती ग्रॅम, हजार दाण्यांचं वजन किती आणि उगवण किती. उगवणीसाठी शंभर-शंभर दाण्यांचे चार संच ओल्या कागदात गुंडाळून घरातल्या गार जागी ठेवा. प्रयोगशाळेत हे १५ ते २० अंशांवर होतं, पहिली मोजणी सहाव्या दिवशी, शेवटची बाराव्या दिवशी. एप्रिलच्या उकाड्यात पत्र्याखाली ठेवलेल्या कागदावर कांदा नीट उगवत नाही, आणि दोष बियाण्याला लागतो. माठाशेजारची जागा बरी. कागदावर काळी बुरशी चढलेले दाणेही वेगळे मोजून लिहा.

निकाल वाचताना सरासरीआधी गट बघा. दोन उपचारांची तुलना करताना चारही गटांत एकाचीच सरशी झाली, तर ती निव्वळ योगायोगानं होण्याची शक्यता आठात एक. दोन गटांत हा आणि दोन गटांत तो, असं झालं तर फरक नाही असंच धरा, सरासरी काहीही म्हणो. आणि एका वर्षाच्या निकालावर पूर्ण रान बदलू नका. कोरड्या वर्षी न फवारलेला वाफाही चांगला दिसतो.

रोगाची तीव्रता कमी, पण बियाणं सारखंच, असं चित्रही दिसू शकतं. म्हणजे शेवटच्या एक-दोन फवारण्यांनी पात हिरवी ठेवली, दाण्याला काही दिलं नाही. हा निकाल हाती आला की त्या फवारण्या पुढच्या हंगामात आधी चार वाफ्यांत बंद करून बघा.

प्रत्येक वाफ्याचं शंभर ग्रॅम बी ओलावा सहा-सात टक्क्यांवर आणून काचेच्या बरणीत, घट्ट झाकणाखाली ठेवून द्या. कांद्याचं बी वर्षभरातच जोम गमावतं, आणि रोगट दांड्यावरचं बी त्याहून लवकर. पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबरात नवे गोट कापायला काढाल, त्याच आठवड्यात या सोळा बरण्यांची उगवण पुन्हा तपासा आणि एप्रिलच्या आकड्याशेजारी नवा आकडा लिहा.